औषधांचा अपाय, मूत्रपिंडे आणि वनस्पती

भाईंदर सोडून गाडी वसईच्या खाडीवरील पूल ओलांडू लागली, म्हणजे मध्ये पाणजू बेटाची हिरवी रेघ दिसते आणि पलीकडच्या काठास नायगावची खारी जमीन लागते. मृगाच्या सरी पडून गेल्या, की या भागातील बांधांच्या कडेला, कुंपणाशी आणि रेल्वेच्या रुळांलगत एक वनस्पती जमिनीसरपट पसरू लागते. तिचे दांडे तांबूस, पाने जाडसर व गोलसर आणि फुले इतकी लहान व गुलाबी, की वाकून पाहिल्यावाचून ती डोळ्यांत भरत नाहीत. उन्हाळ्यात ती वरून पार वाळून जाते आणि पावसाळा येताच जमिनीतल्या मुळापासून पुन्हा नवी होते. म्हणूनच प्राचीनांनी तिला पुनर्नवा असे सार्थ नाव दिले. खेड्यातील माणसे तिला घेटुळी म्हणतात. सूज आणि मूत्रविकार यांवर तिचा उपयोग आयुर्वेदाने फार पूर्वीपासून सांगितलेला आहे.

आता या खाडीकाठच्या गावातील एक सामान्य घर डोळ्यांपुढे आणावे. घरातील वृद्ध गृहस्थांचे गुडघे दुखतात. दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी ते रोज घेतात. रक्तदाबाची गोळी तर कित्येक वर्षांची सोबतीण आहे. औषधांनी मूत्रपिंडे बिघडतात असे कोठेतरी कानावर आल्यामुळे शेजारणीने सांगितलेला घेटुळीचा रस ते रोज सकाळी पेलाभर घेऊ लागले आहेत. सून म्हणते, “मामंजी, ती गुडघ्याची गोळी आता थोडे दिवस बंद ठेवा ना.” त्यावर उत्तर ठरलेले, “सूनबाई, भिण्याचे कारण नाही. गोळीने जे बिघडेल ते हा रस सावरून घेईल.”

हे उत्तर अडाणीपणाचे म्हणून हसण्यावारी नेण्याजोगे नाही. त्याच्यामागे अर्धे सत्य आहे. आणि अर्धे सत्य हे पुष्कळदा निव्वळ असत्यापेक्षा अधिक फसवे असते. वनस्पतींतील काही द्रव्ये औषधांच्या अपायापासून मूत्रपिंडांचे रक्षण करतात, असे प्रयोगशाळांतून खरोखरीच दिसून आलेले आहे. परंतु कोणत्या अपायापासून, कोणत्या परिस्थितीत आणि कोणाचे, हे प्रश्न विचारल्याशिवाय त्या ज्ञानाचा घरात उपयोग करू जाणे धोक्याचे आहे.

प्रथम मूत्रपिंडांचे काम काय ते पाहू. मनुष्याच्या पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस, बरगड्यांच्या खालच्या अंगाला, घेवड्याच्या दाण्याच्या आकाराची ही दोन इंद्रिये असतात. प्रत्येकाचे वजन सुमारे १५० ग्रॅम. म्हणजे दोन्ही मिळून शरीराच्या वजनाचा शंभरावा हिस्साही भरत नाहीत. असे असूनही हृदयातून दर मिनिटास बाहेर पडणाऱ्या सुमारे पाच लिटर रक्तापैकी एक लिटरहून अधिक रक्त एकट्या मूत्रपिंडांकडे जाते. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांना वृक्काणू म्हणतात. केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ आणि त्याला जोडलेली एक नागमोडी नलिका, अशी प्रत्येक वृक्काणूची रचना असते. दिवसाकाठी या गुच्छांतून सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. आणि नलिकेच्या भिंतीतील पेशी त्यातील पाणी, साखर, क्षार अशी उपयुक्त द्रव्ये पुन्हा रक्तात ओढून घेतात. शेवटी मूत्ररूपाने बाहेर पडते ते दीड लिटरच्या आसपास. मिठागरात खाडीचे पाणी घेऊन, ते आटवून मीठ काढतात. मूत्रपिंडातही आटवणे आहेच, मात्र तेथे पाणी वाचवायचे असते आणि टाकाऊ द्रव्य दाट करून बाहेर लोटायचे असते.

याच कामात मूत्रपिंडांचे दुर्बल स्थान दडलेले आहे. पोटात गेलेले अथवा टोचून दिलेले पुष्कळसे औषध शेवटी मूत्रपिंडांच्या वाटेने बाहेर पडते. रक्त मोठ्या प्रमाणावर तेथे येते, त्यामुळे औषधही मोठ्या प्रमाणावर येते; आणि नलिकेतील पाणी जसजसे परत शोषले जाते, तसतसे मागे राहिलेले औषध दाट होत जाते. जे द्रव्य सर्व शरीरात निरुपद्रवी असते, ते या अरुंद जागी विषासमान ठरू शकते.

औषधांकडून होणारा हा अपाय एकाच प्रकारचा नसतो. त्याचे तीन ठळक प्रकार ध्यानात ठेवण्याजोगे आहेत.

पहिला प्रकार रक्तपुरवठ्याचा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामके शरीरातील प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होऊ देत नाहीत. या द्रव्यांमुळे वेदना व सूज होते हे खरे. परंतु शरीरातील पाणी कमी झाले असता मूत्रपिंडाकडे रक्त नेणारी बारीक धमनी उघडी ठेवण्याचे कामही तीच करतात. उन्हात राबून घामाघूम झालेल्या, जुलाब झालेल्या, तापाने पाणी हरवलेल्या किंवा वार्धक्याने मूत्रपिंडे थकलेल्या मनुष्याने ही गोळी घेतली, म्हणजे ती धमनी आकसते आणि मूत्रपिंडाला रक्ताचा तुटवडा पडतो. डायक्लोफेनॅकने एका निराळ्याच जीवजातीचा केवढा संहार केला, हे आपल्या देशाने पाहिले आहे. गुरांना दिलेले हे औषध मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि मूत्रपिंडे निकामी होऊन गिधाडे मरू लागली. त्यांच्या काही जाती नव्वद टक्क्यांहूनही अधिक घटल्यावर, २००४ साली, या मरणाचे कारण उघडकीस आले. आणि २००६ साली भारत सरकारने गुरांसाठी या औषधावर बंदी घातली.

दुसरा प्रकार नलिकेच्या पेशींवरील प्रत्यक्ष आघाताचा. १९६३ साली शोध लागलेले जेंटामायसिन हे जंतुनाशक औषध याचे प्रसिद्ध उदाहरण होय. नलिकेच्या पेशी उपयुक्त प्रथिनांबरोबर हे औषधही आत ओढून घेतात. ते तेथे साचत जाते आणि पेशीचा आतून नाश करते. कर्करोगावरील सिसप्लॅटिनची कथा अशीच. प्लॅटिनम धातूच्या या संयुगाचा पेशीविभाजन थांबविण्याचा गुण बार्नेट रोझेनबर्ग या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या नजरेस जंतूंवरील विजेच्या प्रयोगांत अकल्पितपणे आला. ती हकीकत १९६५ साली प्रसिद्ध झाली, आणि १९७८ साली हे औषध रुग्णांसाठी मान्य झाले. त्याने असंख्य जीव वाचविले आहेत. पण ते घेणाऱ्यांपैकी चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाएवढ्या रुग्णांच्या मूत्रपिंडांना त्याची झळ पोचते.

तिसरा प्रकार औषधातील भेसळीचा अथवा अशुद्धीचा. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन म्हणून दिलेल्या द्रवात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य निघाले आणि मूत्रपिंडे बंद पडून चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने त्या प्रकरणाची चौकशी केली. येथे कोणताही रस अथवा काढा आड आला नसता; आड यायला हवी होती ती औषधाची कसून केलेली तपासणी.

वनस्पतींच्या साहाय्याचा विचार येतो तो मुख्यतः या दुसऱ्या प्रकारात. त्यासाठी ऑक्सिडीभवनाची कल्पना नीट समजली पाहिजे. वांगे चिरून ठेवले, की थोड्या वेळाने काळे पडते, लोखंड गंजते, तेल खवट होते. या सर्व ठिकाणी हवेतील प्राणवायू पदार्थाशी संयोग पावतो. आपल्या पेशींतही प्राणवायूच्या साहाय्याने अन्न जाळून शक्ती उत्पन्न केली जाते. चुलीतून जशा ठिणग्या उडाव्यात, तशी या ज्वलनात काही अतितीव्र द्रव्ये निर्माण होतात. त्यांपैकी कित्येकांत एक इलेक्ट्रॉन एकाकी असतो. तो जोडीदारासाठी शेजारच्या रेणूवर झडप घालतो आणि पेशीचे आवरण, प्रथिने, आनुवंशिक द्रव्य यांना इजा करतो. यांना मुक्त मूलके म्हणतात. निरोगी पेशी या ठिणग्या विझविण्याची व्यवस्था बाळगून असते. सुपरऑक्साइड डिसम्यूटेझ हे वितंचक आणि ग्लुटाथायोन हे गंधकयुक्त द्रव्य, हे तिचे मुख्य पहारेकरी होत. जेंटामायसिन किंवा सिसप्लॅटिन पेशीत साचले, म्हणजे ठिणग्या वाढतात आणि पहारेकरी कमी पडतात. नलिकेच्या पेशींना रात्रंदिवस क्षार ओढून आणण्याचे श्रमाचे काम असल्यामुळे त्यांच्यातील चुली मुळातच मोठ्या. म्हणून त्या अधिक लवकर भाजून निघतात.

ज्यांना आजकाल सर्रास अँटिऑक्सिडंट म्हणतात, ती प्रतिऑक्सिडीकारक द्रव्ये म्हणजे या ठिणग्या विझविणारी द्रव्ये. चिरलेल्या वांग्याला लिंबू लावले असता ते लवकर काळे पडत नाही, हे गृहिणींना ठाऊकच असते; लिंबातील क जीवनसत्त्वाचे ते काम. वनस्पती ही द्रव्ये आपल्यासाठी तयार करीत नाहीत. स्वतःच्या रक्षणासाठी करतात. प्राण्याला ऊन लागले तर तो सावलीत जाईल. झाडाला पाय नाहीत. कडक ऊन, दुष्काळ, किडीचा दंश, जमिनीतील खार, या सर्वांनी त्याच्या पेशींतही मुक्त मूलके वाढतात. नायगावच्या खाऱ्या जमिनीत जी झुडपे तगून राहतात, त्यांना तर हे संरक्षण अधिकच जरूर. आवळ्यातील क जीवनसत्त्व व टॅनिने, हळदीतील कुर्क्युमिन, कांद्यातील क्वेर्सेटिन, द्राक्षातील रंगद्रव्ये, शेवग्याच्या पाल्यातील फ्लॅव्होनॉइडे हा सारा याच कुळातला परिवार होय.

अशा द्रव्यांवरील प्रयोगांची तऱ्हा साधारण ठरलेली असते. प्रयोगशाळेतील उंदरांचे गट पाडतात. एका गटास नुसते औषध, दुसऱ्यास औषध व वनस्पतीचा अर्क, तिसऱ्यास काहीच नाही. काही दिवसांनी रक्तातील यूरिया व क्रिएटिनिन मोजतात, मूत्रपिंडाचे पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि ग्लुटाथायोन किती उरले ते तपासतात. हळद, आवळा, पुनर्नवा, गोखरू यांसारख्या अनेक वनस्पतींचे असे प्रयोग भारतात व भारताबाहेर झालेले आहेत. आणि अर्क मिळालेल्या उंदरांच्या नलिका बऱ्याच अंशी शाबूत राहिल्याचे त्यांतून दिसून आले आहे. म्हणजे आजोबांच्या म्हणण्यात तथ्य नाही, असे कोणी म्हणू नये.

परंतु उंदराच्या पिंजऱ्यापासून मनुष्याच्या अंथरुणापर्यंतची वाट लांबची आहे. पहिली अडचण मात्रेची. उंदराला त्याच्या वजनाच्या मानाने जेवढा अर्क देतात, त्या हिशेबाने माणसाला तो देऊ म्हटले, तर घरगुती पेल्याने भागत नाही. दुसरी अडचण शोषणाची. हळदीतील कुर्क्युमिन काचपात्रात पराक्रमी ठरते. पण पोटात गेल्यावर त्याचा अत्यल्प अंश रक्तात पोचतो. तिसरी अडचण वेळेची. उंदराला अर्क बहुधा औषधाच्या आधीपासून दिलेला असतो. माणूस मात्र मूत्रपिंड बिघडल्यावर झाडपाल्याकडे धावतो. चौथी अडचण सर्वांत नाजूक. सिसप्लॅटिन कर्कपेशींना मारते, त्यात या ठिणग्यांचाही वाटा असतो. मूत्रपिंड वाचविण्यासाठी त्या विझविल्या आणि त्याबरोबर कर्कपेशीही वाचल्या, तर तो सौदा कोणाच्या हिताचा? कर्करोगाचे उपचार चालू असताना वैद्यास न सांगता अशी द्रव्ये घेऊ नयेत, असे तज्ज्ञ सांगतात ते यासाठी.

ही केवळ तर्कटे नव्हेत. एन-ॲसेटिलसिस्टीन हे द्रव्य शरीरात ग्लुटाथायोनची भरपाई करते. पॅरासिटामॉल मोठ्या प्रमाणात पोटात गेले, तर यकृत वाचविण्यासाठी तेच देतात आणि वेळेवर दिल्यास त्याचा गुण निश्चित येतो. मग हृदयाच्या रक्तवाहिन्या पाहण्यासाठी जे रंजक द्रव्य टोचतात, त्याच्या अपायापासून ते मूत्रपिंडांनाही वाचवील, ही आशा साहजिकच होती. २००० साली ८३ रुग्णांवरील एका जर्मन प्रयोगाने ती आशा बळावली आणि हा उपचार जगभर रूढ झाला. पुढे सुमारे पाच हजार रुग्णांवर केलेल्या काटेकोर प्रयोगाचा निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला: उपयोग नाही. त्याहून कठोर धडा फिनलंडमध्ये मिळाला. तेथे २९,१३३ धूम्रपानी पुरुषांवर प्रयोग करण्यात आला. गाजरातील बीटा-कॅरोटीन ज्यांना गोळ्यांच्या रूपाने दिले, त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी अधिक आढळला, असे १९९४ साली जाहीर झाले. गाजर खाणे निराळे आणि गाजराचे सत्त्व गोळीत कोंडून वर्षानुवर्षे गिळणे निराळे.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे अवश्य आहे. जे झाडापासून आले ते निरुपद्रवी, हा समज मूत्रपिंडांच्या बाबतीत फार महाग पडलेला आहे. बेल्जममध्ये स्थूलता घटविण्यासाठी चिनी वनौषधी घेतलेल्या स्त्रियांची मूत्रपिंडे झपाट्याने निकामी झाली; १९९३ साली ही गोष्ट प्रसिद्ध झाली. अपेक्षित वनस्पतीऐवजी ॲरिस्टोलोकिया कुळातील निराळीच वनस्पती मिश्रणात आली होती. याच कुळातील सापसण आपल्या रानांतही उगवते. पुनर्नवेच्या बाबतीतही पांढरी पुनर्नवा या नावाखाली निराळ्याच कुळातील वनस्पती पुष्कळदा विकली जाते. कोकणच्या परसांतून होणारी बिलिंबी लोणच्यात एखादी असली तर तक्रार नाही. पण तिचा दाट रस औषध म्हणून पेलेच्या पेले पिणाऱ्यांची मूत्रपिंडे ऑक्झलेटच्या स्फटिकांनी बंद पडल्याचे केरळातील वैद्यांनी २०१३ साली नोंदविले आहे. क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचा अतिरेक झाला, तर त्यापासूनही शरीरात ऑक्झलेटच तयार होते. ज्यांची मूत्रपिंडे अगोदरच दुबळी आहेत, त्यांना तर वसईची गोड केळी व शहाळ्याचे पाणीसुद्धा मोजून घ्यावे लागते. कारण त्यांतील पोटॅशियम बाहेर टाकणे त्या मूत्रपिंडांना साधत नाही आणि त्याचा परिणाम थेट हृदयावर होतो.

आता त्या घरातील पेल्याकडे पुन्हा वळू. आजोबांची वेदनाशामक गोळी जो अपाय करते तो प्रामुख्याने पहिल्या प्रकारचा, म्हणजे रक्तपुरवठा आखडण्याचा. आणि रसातील द्रव्यांची कीर्ती आहे ती दुसऱ्या प्रकारच्या अपायाविरुद्ध. दरवाज्याने चोर शिरत असता खिडकीवर पहारा बसवावा, तसे हे झाले. शिवाय पुनर्नवा मूत्रल मानलेली आहे. कलकत्त्यास रामनाथ चोप्रा यांनी गेल्या शतकात देशी औषधींची जी परीक्षा केली, तीत पुनर्नवेचाही समावेश होता आणि तिच्यातील पोटॅशियमचे क्षार त्यांच्या ध्यानात आले होते. रक्तदाबाची काही औषधे, मूत्रल द्रव्ये आणि वेदनाशामके ही त्रयी एकत्र आली असता मूत्रपिंडे एकाएकी बंद पडण्याचा संभव वाढतो, हे आजच्या वैद्यकास चांगले ठाऊक आहे. रक्तदाबाच्या काही औषधांनी पोटॅशियमही वाढते. त्यात रसाची भर नको. म्हणजे जो रस रक्षक म्हणून घेतला, तो चैत्र-वैशाखातल्या एखाद्या तापल्या दिवशी, घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात, भक्षकाच्या बाजूला जाऊन बसण्याची भीती आहे. आणि सर्वांत मोठी हानी ही, की रसाच्या भरवशावर गोळी चालूच राहते.

मग सामान्य कुटुंबाने करावे काय? सांगण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. वेदनाशामक गोळी वैद्याच्या सल्ल्यावाचून रोज घेऊ नये. आणि जुलाब, उलट्या, ताप किंवा उन्हाचा त्रास असता तर मुळीच घेऊ नये. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालल्यानंतर ताप व अंगदुखी आली, तर ती लेप्टोस्पायरोसिसची असू शकते आणि तो रोग स्वतःच मूत्रपिंडांवर घाला घालतो; अशा वेळी अंगदुखीची गोळी घेऊन घरी न बसता दवाखाना गाठावा. वैद्याकडे जाताना घेत असलेल्या सर्व गोळ्या, काढे, रस व चूर्णे यांची यादी न लाजता सांगावी. वैद्यांनीही ती न रागावता ऐकून घ्यावी. मधुमेह, रक्तदाब किंवा वार्धक्य असलेल्यांनी क्रिएटिनिनची व मूत्राची तपासणी वेळोवेळी करावी. मूत्रपिंडांची निम्म्याच्या आसपास शक्ती गेल्यावाचून क्रिएटिनिन बहुधा ठळकपणे वाढत नाही. तेव्हा ‘मला काही होत नाही’ हा पुरावा येथे उपयोगी नाही. रुग्णालयात जेंटामायसिन किंवा सिसप्लॅटिन देताना मूत्रपिंडांचे रक्षण होते ते मुख्यतः नेमकी मात्रा, शिरेतून दिलेले सलाइन आणि वारंवार केलेली रक्ततपासणी यांनी. रुग्णाने त्या तपासण्या टाळू नयेत.

वनस्पतींचा योग्य मान राखावयाचा तो ताटात. निरोगी मूत्रपिंडे असलेल्याने पालेभाज्या, आवळा, कांदा, हळद, फळे हे सारे जेवणात नेमाने घ्यावे. त्यांतील नानाविध द्रव्ये थोड्या थोड्या प्रमाणात, एकमेकांच्या संगतीने मिळतात, आणि ते निसर्गास धरून आहे. पुनर्नवेसारख्या औषधींची परीक्षा उंदरांवरून पुढे जाऊन मनुष्यांवरही काटेकोरपणे व्हावी. ज्यांत गुण ठरेल त्या मोठ्या विश्वासाने वापरता येतील.

त्या घरातील सुनेने बोलता बोलता जी विनंती केली, तीच शास्त्राच्या दृष्टीने सर्वांत बिनचूक होती. गोळी थांबवावी, गुडघ्यांसाठी वैद्याला विचारून दुसरा उपाय पाहावा, रक्त तपासून घ्यावे. बांधावरची घेटुळी कोठे जात नाही. ती दर पावसाळ्यात नवी होते. मनुष्याच्या मूत्रपिंडाचे तसे नाही. नलिकेच्या काही पेशी पुन्हा भरून येतात, पण एकदा मेलेला वृक्काणू पुन्हा जन्मास येत नाही.